देवाशी बोलणं बंद

"त्याला सांग, मी बोलत नाय त्याच्याशी."

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, काका त्यांच्या धाकट्या भावाबद्दल बोलतायत. आमच्या वसईतल्या गावात वईच्या कुंपणावरून, बांधावरून, नाहीतर विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भावाभावांचं बोलणं बंद असणं ही काही बातमी नव्हे. दोन भाऊ एकाच लग्नात एका पंगतीला जेवतील, एकमेकांच्या मुलांना कडेवर घेतील, पण एकमेकांशी अक्षर बोलणार नाहीत. म्हणून मी विचारलं, "कोणाला सांगू? धाकट्या काकांना?"

काकांनी हनुवटी उचलून झाडांच्या वर दिसणारा देवळाचा मनोरा दाखवला.

"त्याला," ते म्हणाले.

आम्ही वसईचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो, आणि देवळातल्याला देवच म्हणतो. काकांचं भांडण थेट त्याच्याशी होतं.

हे काका माझे सख्खे कोणी नव्हेत. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा आमच्या घराला लागून त्यांची वाडी होती. केळी, मोगरा, गुलछडी, कडेनं नारळ. उंच, काटक माणूस. अर्धी चड्डी, बाह्यांचा बनियन, डोक्याला टॉवेल आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. मी देवळापलीकडच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. शाळेला जायची जवळची वाट काकांच्या वाडीतून होती आणि पुढे ती देवळाच्या अंगणातून जायची. ही वाट मी निवडली हीच माझी चूक. रस्त्यानं गेले असते तर पुढचं काही झालं नसतं.

तुम्ही कधी आमच्या देवळात सकाळच्या मिस्साला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला, आला असतात, तर काका तुम्हाला नक्की दिसले असते. दारात पवित्र पाण्यात बोटं बुडवून कपाळाला क्रूस करायचे, गुडघा जमिनीला टेकवून नमन करायचे, सगळं अगदी रीतसर. मग शेवटच्या बाकावर बसायचे आणि वेदीकडे खांदा करून तोंड बाजूच्या दाराकडे फिरवायचे. बाजूच्या दारातून दिसायचं काय, तर चार सायकली आणि एक नारळाचं झाड. फादर प्रवचन देवोत की घंटा वाजो, काका नारळ बघत बसायचे. परगावच्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याची मान अवघडली आहे.

मी एकदा न राहवून विचारलं, "काका, बोलणं बंद आहे तर रोज येता कशाला?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच वेडी. म्हणाले, "नवराबायकोचं बोलनं बंद झालं तर कोन घर सोडून जातं काय? बोलनं बंद हाय. घर तेच हाय."

आणि घरातली कामंही चालू होती. दर शनिवारी वेदीवरची फुलं काकांच्या वाडीतली. गुलछडीचे दांडे ओल्या फडक्यात बांधून ते स्वतः नेऊन द्यायचे. सिस्टरनी 'देव तुमचं भलं करो' म्हटलं की गप्प राहायचे. रुसलेली बाई कशी नवऱ्याचं ताट वाढते, आदळत नाही, पण वर बघतही नाही, तसं ते चाललेलं असायचं.

भांडणाचं कारण गावाला माहीत होतं. मला माझ्या सासूनं सांगितलं, आणि पुढे काकांच्या तोंडूनही ऐकायला मिळालं. मी यायच्या आदल्या वर्षी काकी गेल्या होत्या. पोटाचं दुखणं होतं, बरेच महिने अंथरुणाला खिळल्या होत्या. काका त्यांचं सगळं करायचे. त्या दिवशी महिन्यातला पहिला शुक्रवार होता. आमच्याकडे पहिल्या शुक्रवारी देवळात आराधना असते. पवित्र भाकर वेदीवर मांडून ठेवतात आणि माणसं पाळीपाळीनं समोर गुडघे टेकून बसतात. काका काकींना सोडून जायला तयार नव्हते. काकींनीच त्यांना धाडलं. म्हणाल्या, माझ्यासाठी जाऊन बसा. काका गेले आणि तासभर गुडघ्यावर बसून बायकोला मागत राहिले. परत आले तर अंगणात माणसं जमलेली. काकी त्यांची आठवण काढत काढत गेल्या होत्या.

"मला त्याच्या घरी बसवून ठेवला," काका म्हणायचे, "आनि हा माझ्या घरी आला. मी समोरच होतो ना? सांगायचं होतं, ऊठ, घरी जा. एवढंच. नेऊ नको असं मी शेवटी म्हनलो पन नसतो. पन मी तिचा हात धरून बसलो असतो."

यावर तुम्ही काय उत्तर द्याल? शहाणे लोक उत्तरं द्यायचे. देवाची इच्छा, देवाची योजना, ती आता सुखात आहे. काका ऐकून घ्यायचे आणि केळीच्या खुंटाला माती लावायला लागायचे. मी मात्र उत्तर दिलं नाही, कारण मला सुचलं नाही. मला वाटतं, तेवढ्यावरूनच त्यांनी मला निवडलं.

शाळेत जाताना मी पाच मिनिटं देवळात डोकावायची. भक्ती म्हणून नव्हे, सवय म्हणून. माहेरी बोळिंजला आईनं लावलेली सवय. एक 'आमच्या स्वर्गातील बापा', एक 'नमो मरिये', कपाळाला क्रूस, चला. तोंडानं प्रार्थना आणि डोक्यात हजेरीपट. एके सकाळी काका वाटेत कुदळीला टेकून उभे होते.

"जातेस ना बाय त्याच्याकडं?"

"जाते."

"मग सांग त्याला, मोटर जळली."

"कुठली मोटर?"

"विहिरीवरची. वायंडिंग गेलं. सांग, केळी सुकते. त्याला कळू दे."

"काका, तुम्ही आत्ता तिथूनच आलात ना? मिस्साला होतात तुम्ही."

"होतो. पन मी बोलत नाय त्याच्याशी."

आता आली का पंचाईत? मी देवळात गेले, गुडघे टेकले आणि अडकले. लहानपणापासून मी ज्या प्रार्थना म्हणत आले त्या सगळ्या छापील. 'हे परमदयाळू पित्या, आम्ही पापी लेकरं तुझ्या चरणी' अशा थाटाच्या. त्या भाषेत मोटर कुठे बसवायची? 'हे परमदयाळू पित्या, काकांच्या मोटरचं वायंडिंग' असं म्हणून पाहिलं आणि मला इतकं हसू आलं की पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं वळून पाहिलं. शेवटी मी घरी बोलते तसं पुटपुटले, "काकांची मोटर जळली. ते सांगतायत म्हणून सांगते." बोलले आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कोणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं झालं.

संध्याकाळी काका वाटेवर हजर.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हनाला?"

"काही नाही."

"बघ," काका म्हणाले. "त्याची खोडच हाय ती." आणि निघून गेले. मोटरवाला दुसऱ्या दिवशी आला, मोटर दुरुस्त झाली. काकांनी त्याचं श्रेय मोटरवाल्याला दिलं.

त्यानंतर निरोप सुरूच झाले. केळीवर करपा पडला, सांग त्याला. थोरल्या पोराची नोकरी जायची पाळी आली, सांग त्याला. विहिरीचं पानी मचूळ लागायला लागलं, मोगरा तग धरनार नाय, सांग त्याला, समुद्र त्यानंच केला ना, मग तिथंच ठेव म्हनावं. मी निरोप पोचवायची. वरून हूं नाही की चूं नाही. खाली मात्र रोज संध्याकाळी, "काय म्हनाला?" एकीकडे न बोलणारा देव, दुसरीकडे न बोलणारे काका, आणि दोघांच्या मधे मी, बोलून बोलून तोंड दुखलेली. शाळेत जाऊन मी त्याचा राग पोरांवर काढायची.

काकींच्या वर्षाच्या मिस्साच्या दिवशी तर कहर झाला. काका म्हणाले, "सांग त्याला, आज तिचा मिस्सा हाय. आज तरी थोडी लाज बाळग."

"हे मी नाही सांगणार. मला पाप लागेल."

"तुला कशाला लागेल? वाईट बातमीचं कार्ड आनलं म्हनून पोस्टमनला पाप लागतं काय?"

मी तो निरोपही दिला. शब्द थोडे मऊ केले, एवढंच.

पण एक गोष्ट माझ्या नकळत होत होती. काकांची मोटर, काकांची केळी, काकांचं मचूळ पाणी सांगून झालं की मी लगेच उठायची नाही. आलेच आहे तर, म्हणून माझंही थोडं घालायची. आज मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर बोल लावला. सासूनं आमटीला नाव ठेवलं. यांचा पगार वेळेवर होत नाही. आईचे गुडघे धरलेत आणि मला बोळिंजला जायला सवड मिळत नाही. पूर्वी मी असलं काही देवाला सांगितलं नव्हतं. मागणं म्हणजे मोठं काहीतरी मागायचं, आजारपण, परीक्षा, मूलबाळ, असं मला वाटायचं. आमटीचं त्याला काय सांगायचं? आता सांगत होते. आणि त्याचबरोबर चिडतही होते, कारण छापील प्रार्थनेला उत्तर आलं नाही तर काही वाटत नाही. आपल्या शब्दांत बोललं आणि समोरचा गप्प राहिला की ते लागतं. काका कशावर रुसलेत ते मला तेव्हा खरं कळायला लागलं.

मधे गावात तरुण फादर आले. हुशार, उत्साही. उपवासकाळात त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये एक शिबिर ठेवलं. विषय होता, देवाशी वैयक्तिक नातं कसं जोडावं. म्हटलं चला, आपल्याला गरजच आहे. काकाही आले. बोलणं बंद असलं तरी घरातल्या कार्याला जायचं, हा त्यांचा नियमच होता.

फादरांनी प्रत्येकासमोर एकेक प्लॅस्टिकची रिकामी खुर्ची मांडायला लावली. म्हणाले, डोळे मिटा. प्रभू येशू या खुर्चीवर येऊन बसला आहे. मित्राशी बोलावं तसं त्याच्याशी मनातल्या मनात बोला. हॉल शांत झाला. मी डोळे मिटले आणि अर्थातच थोड्या वेळानं उघडले, कारण मला शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

काका उठले होते. त्यांनी आपली खुर्ची उचलली, उलटी फिरवली, समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीला पाठ लावून ठेवली आणि तिच्यावर ताठ बसले. हाताची घडी घातली.

फादर हळूच आले. "काका, तोंड इकडे करा."

"नाय फादर."

"अहो, प्रभू तुमच्याशी बोलायला बसला आहे."

"मंग बोलू दे की. मी कुठं उठून गेलो? बसलोय मी पन."

आजूबाजूचे दोघेतिघे फिसकन हसले. फादरांचा चेहरा पडला. शिबिर संपेपर्यंत काका तसेच बसून राहिले. इतरांचे डोळे उघडले, कोणी जांभया दिल्या, कोणी पाणी प्यायला उठलं. काका जागचे हलले नाहीत.

नंतर फादरांनी मला बाजूला घेतलं. काकांची आणि माझी ओळख त्यांना कळली होती. म्हणाले, "टीचर, यांचा प्रश्न श्रद्धेचा आहे. श्रद्धा गेली आहे त्यांची."

मी एरवी फादरांना उलटून बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "फादर, रिकाम्या खुर्चीला कोणी पाठ दाखवतं का?"

मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला तुमच्या खुर्चीवर कोण दिसलं?"

"मला खुर्ची दिसली," मी म्हटलं. "निळी. एक पाय थोडा वाकडा होता."

खरं तेच सांगते, त्या दिवशी मला काकांचा हेवा वाटला. माझं देवाशी भांडण नव्हतं, कारण भांडण्याइतकी ओळखच नव्हती. रुसायला हक्क लागतो. मला तो कोणी दिला नव्हता आणि मी मागितलाही नव्हता.

मे महिन्यात आमच्या आळीत संध्याकाळी क्रुसाजवळ रोझरी होते. तिठ्यावर चुन्यानं रंगवलेला दगडी क्रूस आहे. त्याला फुलांच्या माळा घालतात, खाली मेणबत्त्या लावतात आणि सगळी आळी चटयांवर बसून माळ जपते. तिथं काका बाजूला तोंड करून बसायचे नाहीत. पवित्र मरियेच्या तसबिरीसमोर नीट मांडी घालून बसायचे आणि 'नमो मरिये' असं खणखणीत म्हणायचे की मागच्या झोपाळू म्हाताऱ्या जाग्या व्हायच्या. पण दहा मण्यांचं एक दशक संपून 'आमच्या स्वर्गातील बापा' आलं की काकांचं तोंड बंद. आळीतल्या पोरांना ते माहीत होतं. बापाची प्रार्थना सुरू झाली की ती काकांकडे बघायची आणि एकमेकांना कोपरखळ्या द्यायची.

माझी सासू म्हणायची, "आवशीला हाताशी धरून लेकाशी भांडतोय हा."

मी काकांना विचारलं, "मरियेमार्फत तरी सांगा ना मग. मला कशाला मधे घालता?"

काका हसले. ते क्वचित हसायचे. "तिनं सांगितलं असेल. ती माऊली हाय. पन तो ऐकतो का? एकदा लग्नात दारू संपली तेव्हा ऐकलं तिचं, पान्याची दारू केली. दुसऱ्याच्या लग्नात." मग हसू गेलं. "माझी बायको संपत आली तेव्हा नाय ऐकलं."

मला त्या क्षणी देवाचा खरोखर राग आला. काकांच्या वतीनं नव्हे, माझा माझा.

वर्षं गेली. बोळिंजला आमच्या माहेरच्या शेजारी इमारती उठल्या. काकांच्या थोरल्यानं मुंबईच्या नोकरीपायी विरारला स्टेशनजवळ फ्लॅट घेतला. मोगरा खरोखरच तग धरेना, तो काढून काकांनी तिथं अळू लावलं. मी त्याच वाटेनं शाळेत जात राहिले आणि निरोप नेत राहिले. आता मला निरोप सांगायला शब्द शोधावे लागत नसत. बसायच्या आधीच सुरुवात व्हायची. "ऐक, काका म्हणतायत..." असं. वेळ कमी असला तर दारातूनच सांगून पुढे जायची. उत्तर येत नव्हतंच. मी त्याची आशा सोडली होती, पण चिडणं सोडलं नव्हतं.

मग काका पडले. वाडीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्या वयात मोडलेलं हाड धरेना. काका अंथरुणाला लागले. धाकटी सून त्यांचं सगळं करायची, मायेनं करायची. पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांना घरी कम्युनियन, म्हणजे ती पवित्र भाकर, द्यायला येतात. काका कम्युनियन घ्यायचे, पण भिंतीकडे बघत घ्यायचे. फादर म्हणाले, "काका, आता तरी समेट करा." काका म्हणाले, "मी का म्हनून? लहान मी हाय. मोठ्यानं आधी बोलावं."

आता गावाला काळजी लागली. जिवंत माणसाचा रुसवा गमतीचा असतो. मरणाऱ्याचा नसतो. सून कामं करताना डोळे पुसायची. माझी सासू म्हणाली, "तोंड फिरवून गेला तर काय होईल गं त्याचं?" मला काकांच्या आत्म्याची वगैरे काळजी वाटत होती असं मी म्हणणार नाही. मला एवढंच सहन होत नव्हतं, की हा माणूस इतकी वर्षं रोज जाऊन बसला आणि त्याला एक शब्द मिळाला नाही. तो तसाच गेला तर मी त्या देवळात पुन्हा पाऊल टाकू शकले नसते. माझं मलाच ठाऊक होतं ते.

रोज शाळा सुटली की मी काकांकडे जायची. निरोप लहान होत चालले होते. "सांग, पाठ दुखते." "सांग, झोप नाय." एक दिवस नुसतंच म्हणाले, "सांग त्याला."

"काय सांगू?"

त्यांनी डोळे मिटले.

मी तशीच देवळात गेले. दुपार होती, आत कोणी नव्हतं. मी बसलेही नाही. वेदीसमोर उभी राहिले, पर्स खांद्यालाच, आणि वर्गात बोलते त्या आवाजात बोलले. "हे काकांचं सांगणं नाही. हे माझं आहे. तू मोठा आहेस ना? मग आधी तू बोल. तो म्हातारा थकलाय. त्याच्या बायकोचं तुला काय उत्तर द्यायचंय ते दे, नाहीतर चुकलं म्हण, पण बोल. मी आता तुमच्या मधे राहणार नाही. मला जमत नाही." आणि मला रडू कोसळलं. रागाचं रडू होतं. मागून देऊळ झाडणारी बाई आली, माझ्याकडे बघून तशीच परत गेली.

त्यानंतर दोनचार दिवसांनी, अशाच दुपारी, मी काकांसाठी पेज घेऊन गेले. सून ओटीवर बसली होती. मला बघताच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"आत नका जाऊ टीचर. बाबा बोलतायत."

"फादर आलेत?"

"नाही. कोणीच नाही आत."

आणि मग मला ऐकू आलं. काका बोलत होते. बोलत कसले, भांडत होते. इतक्या वर्षांत मी त्यांचा इतका चढा आवाज ऐकला नव्हता. अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या छातीत एवढा आवाज असतो, हे मला माहीत नव्हतं. शब्द लागत नव्हते. घरची बोली, त्यात श्वास लागलेला, मधेच खोकला. एकदा काकींचं नाव स्पष्ट आलं. एकदा "हात" असं आलं. सून माझा दंड घट्ट धरून बसली होती. मी कान देऊन ऐकत होते आणि मला काही कळत नव्हतं. पेज निवून गेली.

मग आवाज थांबला. सून उठायला लागली तेवढ्यात आतून काका म्हणाले, "हं."

पुन्हा शांतता, बरीच लांब. मग पुन्हा, "हं." आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "बरं."

आम्ही आत गेलो. काका उताणे पडले होते, घामानं भिजलेले. सुनेनं त्यांचं तोंड पुसलं. मी बाजूला बसून विचारलं, "काका, आज काय सांगू त्याला?"

"काय नको. मी बोललो."

"मग? काय म्हणाला?"

काकांच्या डोळ्यांत चक्क मिश्कीलपणा होता. म्हणाले, "तुला गं कशाला? ते आमचं हाय."

मला संताप आला. हसू नका, खरंच आला. इतकी वर्षं मला मधे राबवलं, मोटरीपासून मचूळ पाण्यापर्यंत सगळं माझ्या तोंडून बोलवलं, आणि एक बोलणं झालं तेव्हा मला ओटीवर बसवलं. मी पेज गरम करायला म्हणून उठले आणि चुलीपाशी जाऊन भांडं आदळलं.

काका त्याच आठवड्यात गेले. सुनेचा हात हातात होता. फादरांनी शेवटची प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हटलं. काकांचे ओठ हलत होते असं सून सांगते. मी शाळेत होते, मी पाहिलं नाही.

अंत्यविधी झाला, माणसं पांगली. दुसऱ्या सकाळी मी सवयीनं वाडीतून निघाले. केळींना कोणी पाणी सोडलं नव्हतं. वाटेवर कोणी उभं नव्हतं. देवळात गेले आणि बसले. पोचवायला निरोप नव्हता. त्याला जाब विचारावा, असं घरून ठरवून आले होते. काय बोललास, का आधी बोलला नाहीस, एवढी वर्षं का लावलीस, सगळं मनात तयार होतं. त्यातलं काहीच तोंडातून निघालं नाही. लांबच्या गावाला गेलेल्या माणसाची घरी जी चौकशी करतात, तीच निघाली.

"काका पोचले का?"

वर गप्प. शाळेची घंटा झाली तरी मी थांबले.

"एवढं तरी सांग."